आवरलेलं शेत

तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी वीस वर्षं बिल्ट्या लिहिते आहे. ट्रक सुटण्याआधी माल काय, किती, कुणाचा, हे कागदावर उतरवायचं काम. त्यामुळे कागदात चुकीचं काही दिसलं की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, ही नाकावर माशी बसू देत नाही. खरंच आहे ते.

आमची बोनकोड्याची शेतं कधीच इमारतींखाली गेली. आत्या मात्र नावड्याच्या पुढे एका गावात अजून एकटीने भात लावते. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, कापलेलं भात शेतात पडलेलं असताना चार दिवस पाऊस कोसळला. सगळ्या गावाचं पीक कुजलं. सरकारी मदत जाहीर झाली, पंचनामे झाले, शेजाऱ्यांच्या खात्यात पैसे आले. आत्याच्या आले नाहीत. वरून गावात कुजबुज सुरू झाली, की हिचं भात बुडालंच नव्हतं, उगाच रडते. पैशापेक्षा ते तिला लागलं. अन्नावरची वासनाच उडाली तिची.

"मना खोटी ठरवली गो," ती फोनवर म्हणाली. मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली.

तलाठ्याला विचारलं, यादी कुठे लावली आहे?

"ऑनलाइन आहे, मॅडम."

"ऑनलाइन म्हणजे कुठल्या भिंतीवर?"

त्याला हसू आलं, मला नाही. तिथेच बसून माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला, दहा रुपयांचा स्टॅम्प चिकटवला. महिन्याभराने पंचनाम्याची प्रत आली. आत्याच्या नावापुढे शेरा होता: शेत मोकळे, नुकसान आढळले नाही.

कागद घेऊन तशीच आत्याकडे गेले. तिने शांतपणे सांगितलं, की पंचनाम्याला तालुक्याहून साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी पाच शेजारणींना हाताशी घेऊन तिने कुजलेले भारे उचलून गोठ्यामागे टाकले, काडी न् काडी वेचली आणि खाचरं लख्ख केली.

"मानूस दारात येवाचा तं अंगन झाडाला नको?"

मी कपाळावर हात मारला. आत्याचा राग आला, मग हसू आलं, मग त्या साहेबाचा जास्त राग आला. त्याने बांधावरून नजर टाकली आणि लिहून मोकळा झाला. एका शब्दाने कुणाला विचारलं नाही.

मग मी एकच हट्ट धरला: यादी शेऱ्यांसकट गावासमोर वाचा. चावडी वाचन म्हणतात त्याला. अशी पद्धत आहे, फक्त कुणी मागायला जात नाही. तहसीलला चार खेपा झाल्या. "ताई, कशाला टेन्शन घेता," असं दर खेपेला वेगळ्या माणसाने सांगितलं. पाचव्या खेपेला तारीख मिळाली.

देवळाच्या मंडपात गाव जमलं. तलाठी एकेक नाव वाचत होता. आत्याचं नाव आलं, "नुकसान आढळले नाही" आलं, आणि शेजारची बाई ताडकन उठली.

"कसा नाय आढळला? भारे आमीच उचलले ना! बोटबोटभर कोंब आलते त्यांना."

मागून दुसरी उठली, तिसरी उठली. भारे वाहिलेल्या पाचही जणी उभ्या राहिल्या. कुजबुजणारे पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले. खोटं कशाला सांगू, त्यांचे चेहरे बघून माझं पोट भरलं.

तलाठी भला निघाला. त्याने तिथेच जबाब लिहिले, पाचही जणींच्या सह्या-अंगठे घेतले आणि दुरुस्त केलेली ओळ वाचून दाखवली: आत्याचं पूर्ण नाव, गट नंबर, भातपीक, पूर्ण नुकसान.

आत्या पदर खोचून उभी राहिली.

"जोरात वाच," ती म्हणाली. "मागं बसल्यात त्यांना आयकू नाय आला."

त्याने माइक जवळ ओढला आणि पुन्हा वाचलं.