दुबई ते हैदराबाद, चार तास

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या कळमनुरीत शेजारचे चाचा गेले. त्यांचा एकुलता एक मुलगा सलीम दुबईला कामाला आहे; येताना तो विमानाने हैदराबादला उतरतो.

चाचीने विचारलं, “बेटी, फोनवर बघ बरं, दुबईहून हैदराबाद किती लांब?”

आमच्याकडे अंतर तासांत सांगतात. मी बघून म्हणाले, “विमानाने चार तास.”

“मंग पुण्याहून जवळच हाय की,” चाची म्हणाली. तिची लेक पुण्याहून रात्रभर बसने येते. “समद्यांना थांबा म्हनाव. बापाला मिट्टी पोरगाच देईल.”

सगळे थांबले. पण सलीमचा पासपोर्ट मालकाकडे, आणि मालक गावाला गेलेला. हैदराबादहून इथवरचा रस्ता तर मी धरलाच नव्हता.

मयत किती वेळ ठेवणार? दिवस कलताना चाचांना नेलं. पुरुषांनी मूठ मूठ माती दिली आणि ते परतले.

मग सलीमचा फोन आला. “अम्मी, मेरे हिस्से की मिट्टी किसने दी?”

चाची फोन माझ्या हातात देऊन आत गेली.

तुमचंही कुणी असं दूर असेल. आई विचारते तेव्हा तुम्ही किती तास सांगता?