न चाखलेलं शार्लट

जपानमधल्या सेंदाईहून गाडी सुटली तशी माझी भाची ऋता म्हणाली, "मावशी, आज नाटकं करायची नाहीत हं." ऋता तिथल्या विद्यापीठात संशोधन करते. मी पुण्यात हौशी रंगभूमीवर तीस वर्षं आयांच्या नि सासवांच्या भूमिका करते आहे. त्यामुळे मी नुसती मान डोलावली आणि खिडकीला नाक लावलं. बाहेर बोगद्यामागून बोगदे, मध्येच खोल दरी आणि तिच्या काठाने पेटल्यासारखे लाल झालेले मेपल.

आम्ही यामागाताच्या डोंगरातल्या एका खेड्यात ओनो-सान (सान म्हणजे आपलं 'जी') यांच्याकडे निघालो होतो. पंचाहत्तरीच्या या बाईंना राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजी स्वयंपाकाचं वेड आहे. ऋता महिन्यातून एकदा त्यांच्याकडे शिकायला जाते. त्या काळी घरोघर फ्रीज नव्हते. जे त्या महिन्यात पिकेल, तेच ताटात, हा त्यांचा नियम. मेमध्ये ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा पाय (सारण भरून भाजलेली पारी), जूनमध्ये चेरीचं पुडिंग, आणि आत्ता, ऑक्टोबरात, सफरचंदाचं शार्लट.

"घरामागे कोग्योकुची (लालबुंद, आंबट सफरचंदांची) अकरा झाडं आहेत," ऋता सांगत होती. "पण लोकांना आता मधासारखी गोड सफरचंदं लागतात. मुलगा म्हणतो, तोडू आणि गोड जातीची लावू. सोमवारी माणसं येणार आहेत तोडायला."

"आणि आज?"

"आज सेंदाईच्या चहाघराच्या मालकीण येतायत, हायाशी-सान. त्यांना शार्लट आवडलं तर त्या सफरचंदं घेतील. मग झाडं राहतील. म्हणून म्हणते, नाटकं नकोत."

स्टेशनबाहेर काठीला टोचलेले कोन्न्याकूचे गोळे (सुरणाच्या भाऊबंदांपैकी एका कंदाची लवचीक वडी) विकत होते. मी एक तोंडात टाकला आणि पाच मिनिटं चावत राहिले. तो जिंकला. तेवढ्यात ओनो-सान स्वतः केई-त्रा (शेतकऱ्यांचा छोटा ट्रक) घेऊन आल्या. लेसचा ॲप्रन, तोंडाला मास्क, पायात गमबूट. ट्रकमध्ये जागा दोनच. पाहुणी म्हणून मी राणीसारखी बसले आणि ऋता मागून चालत आली.

स्वयंपाकघरात तांब्याचे साचे भिंतीवर चमकत होते. शार्लट दिसायला साधं. साच्याला लोण्यात बुडवलेल्या पावाच्या कापांचं अस्तर लावायचं, आत सफरचंदाचा आटवलेला गर भरायचा, वरून पावाचंच झाकण, आणि भाजून झालं की उलटं करायचं. ओनो-सान आणि ऋता पाव कापायला बसल्या. गराचं पातेलं माझ्याकडे आलं.

"साखर शेवटी आणि चाखून घालायची," ऋताने त्यांचं म्हणणं सांगितलं. "दर वर्षी आंबटपणा वेगळा असतो. त्यांना सर्दी झालीय, चवच कळत नाहीये. तुझ्या जिभेवर भिस्त आहे."

आता इथे माझी गोची झाली. आमच्या घरी नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाक चाखत नाहीत. मीठ, साखर, सगळं नजरेने आणि वासाने. माझा हातच तसा घडलेला. मी आपल्याकडच्या गोड सफरचंदांच्या अंदाजाने बेताचीच साखर टाकली, वास घेतला, आणि ओनो-साननी चमचा पुढे केला तेव्हा पाठ वळवून तो ओठांजवळ नेला, डोळे मिटले आणि म्हटलं, "ओइशी (चविष्ट)." आयुष्यात इतका सहज अभिनय मी केला नव्हता. ओनो-सान वाकल्या आणि गर साच्यात भरू लागल्या.

हायाशी-सान वेळेवर आल्या. साचा उलटा केला आणि शार्लट सोनेरी, ताठ, एकही तडा न जाता उभं राहिलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. आंबटपणाने एक डोळा आपोआप मिटला होता.

"ऋता, यांना सांग," मी म्हटलं, "दोष सफरचंदांचा नाही. मी चव घेतलीच नव्हती. घेतल्याचं सोंग केलं."

"मावशी, काय बोलतेस?"

"जसंच्या तसं सांग. आणि का, तेही सांग."

ऋताने सांगितलं. मला वाटलं, आता ओनो-सान ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात बसवून स्टेशनवर पोचवतील. त्या उठल्या आणि शेजारच्या खोलीतल्या बुत्सुदानपुढे (घरातलं पूर्वजांचं देवघर) गेल्या. तिथे त्यांच्या दिवंगत यजमानांच्या फोटोसमोर एक सफरचंद ठेवलेलं होतं.

"यंदाचं पहिलं," त्या म्हणाल्या. "यांना दिल्याशिवाय मीसुद्धा खात नाही. पण जामच्या पातेल्यातला चमचा मात्र चाटते. तुमचं घर माझ्यापेक्षा कडक दिसतंय."

तोवर हायाशी-साननी शेजारचा गरम, गोड कस्टर्डचा जग उचलून शार्लटवर ओतला होता. दुसरा घास, मग तिसरा.

"माझ्याकडचं सगळंच फार गोड आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "हे असंच आंबट ठेवता येईल का? साखर फक्त कस्टर्डमध्ये."

"सोंग करणारं माणूस दर वेळी मिळेलच असं नाही," ओनो-सान म्हणाल्या, आणि तिघीही हसल्या. मी सर्वांत शेवटी हसले, कारण माझ्यापर्यंत ते ऋतामार्फत पोचायचं होतं.

पण चहाघर लहान. हायाशी-साननी प्रामाणिकपणे सांगितलं, सहा झाडांची सफरचंदं खपतील, जास्त नाही. ओनो-साननी मुलाला फोन केला, थोडं वाद घातल्यासारखं ऐकू आलं. मग त्या बागेत गेल्या आणि राहणाऱ्या झाडांना लाल फीत बांधू लागल्या. प्रत्येक झाडापाशी थोडं थांबून. सहाव्याला त्यांनी फीत माझ्या हातात दिली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी बोटाने गाठीकडे दाखवलं: घट्ट बांधा.

पुण्याला परतून आता महिना झाला. पाच झाडं गेली असतील. ओनो-सान माझी माफी न घेताच मला एक झाड देऊन मोकळ्या झाल्या, याचं ऋण कुठल्या भाषेत मानायचं, मला ठाऊक नाही. लोक विचारतात, जपानमध्ये काय काय पाहिलंस? किल्ले, देवळं, बुलेट ट्रेन यांची यादी ते मनात तयार ठेवून असतात.

मी सांगते, सहा झाडं पाहिली. उभी.