सर्व्हरला पाच हार

पाच सरकारी खात्यांचे जुने सर्व्हर बंद करून सगळ्यांचं काम एकाच सामायिक सर्व्हरवर आणायचं, ही माझी नोकरी. वर्षभर बैठकांत घसा कोरडा केला, पण नवं मशीन कुणी आपलं मानेना. उस्मानपुऱ्यात राहणारे एका खात्याचे हेडक्लार्क, ज्यांना अख्खं ऑफिस चाचा म्हणायचं, ते तर दर बैठकीत सुनवायचे, "मॅडम, वो आपका मशीन है, हमारा नै." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

खंडेनवमीला सर्व्हररूमचं दार उघडलं, तर पाचही खात्यांची माणसं आपापला झेंडूचा हार घेऊन पूजेला उभी. सगळ्यांत पुढं चाचा. नारळ मी बाहेरच फोडायला लावला, पण हार चढलेच. हारांनी मशीनची हवा कोंडली आणि अलार्म केकाटायला लागला.

"काढा ते हार!" मी ओरडले.

"आमचा राहू द्या मॅडम, त्यांचे काढा," पाचही खाती एका सुरात म्हणाली.

मी चिडून हात घातला, तसे चाचा आडवे आले.

"हमारे मशीन को हमारा हार है, मॅडम. आप कायकू निकालते?"