कुत्र्याचं नाव पुस्तकात होतं

चौथीत असताना मी रोज वैनगंगेपलीकडच्या शाळेत डोंग्यानं जायची. डोंगा चालवणारा ढिवर आधी काठाकाठानं प्रवाहाच्या उलट बराच वर जायचा आणि मग डोंगा तिरपा सोडायचा. पाण्याचा नुसता रंग पाहून त्याला खालची वाळू कळायची.

शाळेत मला एका गोऱ्या दर्यावर्दीच्या सफरींचं पुस्तक बक्षीस मिळालं होतं. ते मी त्याला वाचून दाखवायची. एका पानावर बेटावरचा एक माणूस नकाशाशिवाय, तारे आणि लाटा पाहून जहाजाला वाट दाखवतो. त्याच जहाजावर दर्यावर्दीचा कुत्राही असतो.

"त्याचं नाव काय, पोरी?"

"नाई लिहिलं."

"अन् जहाजावरल्या त्या कुत्र्याचं?"

"ते लिहिलं हाये."

त्यानं बांबू पाण्यात आपटला. "वाट दाखवली त्यानं, अन् नाव कुत्र्याचं! मागल्या साली मोजणीच्या साहेबाले ही नदी मीच दाखवली. त्याच्या कागदात मी बी कुठी नसन."

तो पुस्तक लिहिणारा भेटला असता तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं. पण सगळं गाव नावाड्याला त्याच्या जातीवरून "ए ढिवरा" म्हणूनच हाक मारायचं. मीही तशीच मारली. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही.