आईने काकाला बांध फुटताना दाखवला होता

माझा सख्खा काका आज गेला, शंभरीला टेकलेला. मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही.

सकाळपासून सगळ्यांच्या पोस्ट येतायत. 'देवमाणूस.' 'पाण्याचा जाणकार.' म्हणून हे लिहितेय.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव.

काका नवाकोरा ओव्हरसियर. ओढ्यावर मातीचा बांध घालायचं काम त्याच्याकडे. मुकादम माझे वडील, म्हणजे त्याचाच थोरला भाऊ.

काकाचं गणित सोपं होतं. माळ कोरडा ठणठणीत, आधी जमीन पाणी पिणार, उरलेलं सावकाश ओढ्यात येणार. म्हणून त्याने सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, अगदी अरुंद ठेवली.

आई शाळेत गेलेली नव्हती. पण त्याच माळावर शेरडं राखत ती कितीदा पावसात भिजली होती.

"भावजी, ही जमीन पानी पीत न्हाई. दोन सरी पडल्या की वरची माती लिंपल्यावानी बंद हुते. मग समदं पानी घळीनं पळत वढ्यात येतं. सांडवा मोठा करा."

काका ऐकेना.

मग तिने अंगणात चिखलाचा माळ केला. उतार, घळी, ओढा, बोटभर बांध. दोन दिवस वाळवला आणि काकाला बोलावून भोकं पाडलेल्या गाडग्यातून वर पाणी सोडलं.

आधी थोडं मुरलं. मग माती चकाकायला लागली, पाणी घळींतून धावलं आणि बांध मधोमध फुटला.

काका हसला. "वहिनी, भातुकली आवरा. मी पुण्याला शिकलोय."

आणि बुटाने सगळं मोडलं. नऊ वर्षांची मी समोर उभी होते.

खरा बांध पुरा झाला त्याच महिन्यात वळीव कोसळला. भर दुपारी. पाणी बांधाच्या माथ्याला लागलं. काका काठावरून बांधावरच्या वडिलांना ओरडत होता, "दादा, माती टाकत राहा! धरेल!"

धरला नाही.

वडील मैलभर खाली सापडले.

काकाने रिपोर्टात लिहिलं, मुकादमाच्या हलगर्जीपणामुळे बांध फुटला.

मेलेल्या भावाबद्दल.

त्याला प्रमोशन मिळत गेलं. आई लोकांच्या रानात खुरपत राहिली.

म्हातारपणी एकदाच ती त्याच्या बंगल्यावर गेली. मी सोबत होते.

"भावजी, ह्यांची चूक नव्हती, येवढं लिहून द्या."

"वहिनी, तुमचं बरोबर होतं. पण आता उकरून काय उपयोग?"

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं.

आई चहाला हात न लावता उठली. पुढच्या वर्षी गेली.

त्याने लिहून दिलं नाही, म्हणून मी लिहिते. तो बांध माझ्या वडिलांमुळे फुटला नाही.

जा काका. माझ्याकडून तुला श्रद्धांजली नाही.