डिसेंबरात आजारी पडणाऱ्या आजी

उंटरश्लाइसहाइमच्या स्टेशनवर रोज दिसणाऱ्या त्या जर्मन आजींचं नाव मी कधी विचारलं नाही. डोक्यावर लाल टोपी आणि हातात काठी. तीही टेकायला नव्हे, उशिरा येणाऱ्या गाडीला दाखवायला. डिसेंबर लागला की त्यांची धावपळ सुरू व्हायची. जानेवारीपासून सरकारी आरोग्य विम्यात बदल होणार, म्हणून डोळे, कान, गुडघे सगळं आधीच दाखवून घ्यायचं. इथे आजारी पडायलाही टर्मिन, म्हणजे डॉक्टरची आगाऊ वेळ, घ्यावी लागते. आजी ती उन्हाळ्यातच घेऊन ठेवायच्या.

"पण दुखतंय कुठे?" मी एकदा विचारलं.

"अजून कुठेच नाही. हप्ता वाढणार असला की विमावाले आधी कळवतात. गुडघा कुठे कळवतो?"

आमच्याकडे माणसं दुखणं अंगावर काढतात. आजी ते आगाऊ बुक करायच्या. केवढी ही प्रगती!

या जानेवारीत भेटल्या तेव्हा विचारलं, "मग, काय काय बदललं?"

"विम्यात? हप्ता सोडला तर काहीच नाही." त्यांनी नवंकोरं कार्ड दाखवलं. "डॉक्टर मात्र रिटायर झाले. बाकीचे कुणी नवीन पेशंट घेत नाहीत."

मग पहिल्यांदाच काठीवर भार टाकत म्हणाल्या, "आणि आता गुडघा दुखायला लागलाय."