माझा पासपोर्ट आणि शबनमचा शब्द

पेणहून रोह्याला कुणी मुद्दाम फिरायला जात नाही. मीही गेले नसते. पण मतदार यादी तपासायला आलेल्या बाईंनी माझं जन्मस्थळ विचारलं, मी मस्कत म्हणाले आणि त्यांचा लिहिता हात थांबला. अब्बा तिकडे नोकरीला होते. मी शाळेत जायच्या आधीच आम्ही परत आलो. मी आधार दाखवलं, पासपोर्ट दाखवला.

"आधार नुसतं ओळखीपुरतं, ताई," त्या म्हणाल्या. "पासपोर्ट हाय तुमचा, पण वरून विचारलं तर मी काय सांगू? वडिलांचा इथला जन्म दाखवता येईल का?"

परदेशातल्या विमानतळांवर चाललेला पासपोर्ट पेणच्या रामवाडीत, माझ्याच दारात अपुरा पडला. अब्बा आता नाहीत. त्यांची शाळा रोह्याजवळच्या गावात, आणि रोह्यात माझी चुलतबहीण शबनम. म्हणून शनिवारी पहाटे निघाले.

तुम्हाला जायचं असेल तर एसटीने जा. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि महामार्गावरचे खड्डे चुकवायची कटकट ड्रायव्हरच्या डोक्याला. डोलवीला कंपनीची शिफ्ट सुटली होती, तिथे गाडी बराच वेळ रखडली. खांबच्या पुढे मात्र रस्ता हिरवा होतो. खिडकीजवळ बसा.

शबनम स्टँडवर उभी होती. तिने घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं. मी पेणचे पापड दिले. तिला कारण सांगितलं तर म्हणाली, "एवढंच ना? मी येते तुझ्यासंगती."

तिचा जन्म रोह्याचा, शाळा रोह्याची, सासरही दोन गल्ल्या पलीकडे. रिक्षावाला तिला नावाने हाक मारत होता. तिच्या दारातही तपासणी होऊन गेली होती, तिला जन्म कुठला हे कुणी विचारलंच नव्हतं. हे तिने अगदी सहज सांगितलं. मी मात्र पर्स उघडून पासपोर्ट आत आहे ना ते पुन्हा पाहिलं.

अब्बांच्या शाळेतल्या क्लार्कने माझा पासपोर्ट उलटसुलट पाहिला. "तुम्ही त्यांचीच मुलगी कशावरून?"

मी पासपोर्टातलं अब्बांचं नाव दाखवलं. त्याने मान हलवली. "या नावाची माणसं पुष्कळ हायत मॅडम."

मागून शबनम पुढे झाली. "अहो भाऊ, ही आमच्या घरातली. माझ्या चाचांची मुलगी."

"मग आधी सांगायचं ना," तिला ओळखून तो म्हणाला आणि जुनं रजिस्टर काढायला उठला. अब्बांच्या दाखल्याची नक्कल तासाभरात हातात पडली. जन्मस्थळ रोहा. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी शबनमकडे बघून मी मनातल्या मनात जळत होते. सरकारी शिक्क्याच्या माझ्या पासपोर्टापेक्षा तिचं एक वाक्य जड ठरलं होतं.

संध्याकाळी कुंडलिकेच्या पुलावर तिने मला भेळ खायला घातली. नदी सुंदर होती, जरूर बघा. मी नीट पाहिली नाही. तिला चार माणसं भेटली, चौघांनाही तिने माझी ओळख करून दिली, आणि दर वेळी मला ते टोचत राहिलं.

सोमवारी त्या बाई आल्या, दाखला पाहून त्यांनी माझ्या नावापुढे खूण केली. "झालं ताई. आता काय नाय." त्या चहाही न घेता गेल्या.

शबनमचा फोन आला. काम झालं म्हटल्यावर ती खूश झाली. मला राहवलं नाही. म्हणाले, "शबनम, मला तुझा हेवा वाटतो गो."

ती हसत म्हणाली, "मग ये ना इकडेच राहायला. घरं हायत की रोह्यात."

मी काय म्हणत होते ते तिला समजलंच नाही. समजायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. फोन ठेवला तेव्हा मला त्याचाही हेवा वाटत होता.